गोळी बंद केल्यावर रक्तस्राव झाला, म्हणजे औषध फसले असे नव्हे

प्रश्न : मी ४६ वर्षांची आहे. मुलुंडला राहते आणि फोर्टमधल्या एका बँकेत नोकरी करते. गेले आठ महिने माझी पाळी बिघडली आहे. कधी चाळीस-पंचेचाळीस दिवस येतच नाही आणि आली की दहा-बारा दिवस अंगावरून जात राहते, गाठीही पडतात. हिमोग्लोबिन ८.९ आहे. सोनोग्राफीत गर्भाशयाचे अस्तर १५ मिलिमीटर आणि गर्भाशयाच्या भिंतीत २ सेंटिमीटरचा फायब्रॉइड (कर्करोगाची नसलेली साधी गाठ) दिसला. डॉक्टरांनी २१ दिवसांसाठी नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या दिल्या होत्या. पाचव्या दिवशी रक्तस्राव थांबला म्हणून मी त्या बंद केल्या, तर चार दिवसांनी पूर्वीपेक्षा जास्त रक्तस्राव सुरू झाला. आता त्या म्हणतात की आधी बायोप्सी करू आणि मग प्रोजेस्टेरॉन गोळ्यांच्या रूपाने किंवा गर्भाशयात बसवायच्या साधनातून देऊ. माझ्या मावशीला ५८व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता, त्यामुळे हार्मोन म्हटले की मला भीती वाटते. माझ्या जाऊबाई म्हणतात, ‘पिशवीच काढून टाक, एकदाची कटकट मिटेल.’ मी काय करावे?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात गोळ्यांची भीती, जाऊबाईंचा सल्ला आणि बायोप्सी अशा तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि त्यांतली बायोप्सी तुम्ही सर्वांत कमी शब्दांत उरकली आहे. मला मात्र तीच पहिली वाटते. प्रोजेस्टेरॉन घ्यावे की नाही, किती काळ घ्यावे, कोणत्या मार्गाने घ्यावे आणि शस्त्रक्रियेचा विचार मुळात करावा का, ही सगळी उत्तरे अस्तराच्या त्या लहानशा तुकड्याच्या अहवालावर अवलंबून आहेत. तो हाती येण्यापूर्वी जाऊबाईंचे ऐकणे जितके घाईचे ठरेल, तितकेच ‘हार्मोन नकोच’ असे ठरवून टाकणेही घाईचे ठरेल.

तरीही तुमच्या शरीरात नेमके काय चालले असावे, ते आधी सांगते, कारण ते कळले की गोळ्या बंद केल्यावर जे घडले त्याचा उलगडा आपोआप होईल. दर महिन्याला अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडल्यावर त्या जागी पीतपिंड नावाची एक तात्पुरती ग्रंथी तयार होते आणि ती सुमारे दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन स्रवते. पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात इस्ट्रोजेन या दुसऱ्या हार्मोनमुळे अस्तर वाढत असते. प्रोजेस्टेरॉन ती वाढ थांबवते आणि अस्तराला स्थिर, पक्व रूप देते. गर्भ राहिला नाही की पीतपिंड सुकते, प्रोजेस्टेरॉनची पातळी खाली येते आणि अस्तर एकाच वेळी, नीट सुटून बाहेर पडते. ही झाली नियमित पाळी. पंचेचाळिशीच्या आसपास बऱ्याच महिन्यांत स्त्रीबीज बाहेरच पडत नाही. मग पीतपिंड नाही आणि प्रोजेस्टेरॉनही नाही. इस्ट्रोजेन मात्र तयार होत राहते आणि अस्तर आठवडेच्या आठवडे वाढत जाते. स्वतःचाच भार न पेलवल्याने ते पुढे कुठेतरी तुटू लागते, पण सगळे एकदम न सुटता तुकड्यातुकड्याने सुटते, म्हणून रक्तस्राव दहा-बारा दिवस चालतो. चाळीस दिवस काही नाही आणि मग गाठींसह पूर, ही तुम्ही सांगितलेली तऱ्हा याच कारणाकडे बोट दाखवते. भारतीय स्त्रियांमध्ये रजोनिवृत्ती साधारण ४६-४७व्या वर्षी येत असल्याने तुमच्या वयात हे घडणे वावगे नाही. मात्र याच वयात अस्तराच्या पेशींमध्ये गंभीर बदलही होऊ शकतात आणि रक्तस्रावाच्या तऱ्हेवरून या दोहोंतला फरक कोणत्याही डॉक्टरला सांगता येत नाही. म्हणूनच ४५ वर्षांपुढच्या स्त्रीला असा त्रास झाला तर बायोप्सी सुचवण्याची पद्धत आहे. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला घाबरवण्यासाठी ती सांगितलेली नाही.

आता गोळ्यांविषयी. नॉरएथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे कृत्रिम द्रव्य आहे. तुम्ही ते घेऊ लागलात तेव्हा अस्तराला हवा असलेला आधार मिळाला आणि पाचव्या दिवशी रक्तस्राव थांबला. तुम्ही ते बंद केलेत तेव्हा पीतपिंड सुकल्यावर शरीर जे करते, तेच तुमच्या गर्भाशयाने केले, म्हणजे आधार गेला आणि अस्तर सुटले. गोळ्या थांबवल्यावर दोन ते सात दिवसांत येणारा हा रक्तस्राव अपेक्षितच असतो. पूर्ण २१ दिवस घेऊनही तो आलाच असता, पण तोपर्यंत अस्तर स्थिरावलेले असल्याने तो बहुधा ठरावीक दिवसांत आटोपला असता. पाचच दिवसांत थांबवल्यामुळे १५ मिलिमीटरच्या अस्तराला स्थिर होण्याची उसंत मिळाली नाही. औषध निष्प्रभ ठरले, असा याचा अर्थ मुळीच नाही, उलट तुमचे अस्तर या औषधाला प्रतिसाद देते, हे यातून दिसले. मला विचाराल तर चूक चिठ्ठी लिहिण्याच्या पद्धतीत आहे, कारण ‘गोळ्या संपल्यावर चार दिवसांनी पाळी येईल, पहिली जरा जास्त जाईल, घाबरू नका’ एवढे एक वाक्य त्या चिठ्ठीवर लिहिले असते, तर निम्म्या स्त्रिया मधेच गोळ्या सोडणार नाहीत.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. गौरी-गणपती, घरची सत्यनारायणाची पूजा किंवा लग्नकार्य आले की पाळी पुढे ढकलण्यासाठी आपल्याकडे ज्या गोळ्या औषधाच्या दुकानातून सर्रास आणल्या जातात, त्या बहुतेक वेळा याच नॉरएथिस्टेरॉनच्या असतात. पायांत रक्ताची गुठळी झाली होती का, यकृताचा आजार आहे का, गर्भ राहिला आहे का, हे त्या वेळी कुणीही विचारत नाही. शेजारणीने सांगितले म्हणून गोळी घेतली जाते आणि तिची भीतीही वाटत नाही. मात्र तीच गोळी डॉक्टरांनी तपासून, कारण सांगून दिली की ती ‘हार्मोन’ होते आणि नकोशी वाटते. यात दोष स्त्रियांचा आहे असे मी म्हणत नाही, पण भीती असायचीच तर ती पहिल्या प्रसंगी असायला हवी. हे द्रव्य १९५१ साली मेक्सिको सिटीतील सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. सत्तरहून अधिक वर्षांच्या वापरामुळे त्याचे गुण आणि दोष दोन्ही चांगले माहीत आहेत. एक दोष असा की त्याचा थोडासा भाग शरीरात इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यात बदलतो, त्यामुळे जास्त मात्रेत ते गुठळीचा धोका असलेल्या स्त्रियांना देत नाहीत. तुम्हाला किंवा तुमच्या आई-बहिणींना असा त्रास झाला असेल, तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मावशींच्या आजाराविषयी तुम्ही लिहिलेत, ते योग्यच केलेत. हार्मोन आणि स्तनाचा कर्करोग ही जोडी लोकांच्या मनात पक्की बसली ती मुख्यतः अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीमुळे. तिचा एक भाग जुलै २००२ मध्ये मुदतीआधीच थांबवण्यात आला, कारण इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन (प्रोजेस्टेरॉनसारखेच एक कृत्रिम द्रव्य) एकत्र घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले दिसले. ही वाढ दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला सुमारे ८ जादा रुग्ण इतकी होती. आकडा लहान आहे, पण तो खरा आहे आणि तो झाकून ठेवू नये. मात्र त्या स्त्रियांची पाळी केव्हाच गेलेली होती, त्यांचे सरासरी वय ६३ होते आणि त्या ही दोन्ही औषधे रोज, वर्षानुवर्षे घेत होत्या. तुमच्या बाबतीत प्रश्न आहे तो शरीरात कमी पडलेल्या एका हार्मोनची उणीव काही महिने भरून काढण्याचा. गर्भाशयात बसवण्याच्या साधनाबाबतही स्तनाच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो, असे काही मोठ्या निरीक्षणांत आढळले आहे, म्हणून तो शून्य आहे असे मी म्हणणार नाही. पण आईच्या बहिणीला पन्नाशीनंतर झालेला कर्करोग हे तुम्हाला ही औषधे नाकारण्याचे कारण ठरत नाही. तुम्हाला स्वतःला तो आजार झालेला असता तर गोष्ट वेगळी होती. आई, सख्खी बहीण किंवा मुलगी यांच्यापैकी कुणाला कमी वयात झाला असता, तर त्याचीही अधिक बारकाईने चौकशी करावी लागली असती. स्तनांची तपासणी मात्र या निमित्ताने करून घ्या, म्हणजे ही शंका मनात घर करून राहणार नाही.

बायोप्सीची धास्ती वाटत असेल, तर ती नेमकी कशी होते ते ऐका. बऱ्याचदा ती भूल न देता, बाह्यरुग्ण विभागातच, एका बारीक लवचीक नळीने अस्तराचा थोडासा भाग ओढून घेऊन केली जाते. काही क्षण पाळीसारखी जोराची कळ येते, त्यामुळे तासभर आधी वेदनाशामक गोळी घ्यावी का, हे विचारून ठेवा. अस्तरावर मस्सा (पॉलिप) असल्याची शंका असेल, तर दुर्बिणीने आतून पाहून तुकडा घेतात आणि त्यासाठी बहुधा थोडी भूल देतात. सोनोग्राफीतील १५ मिलिमीटर या आकड्याने तुम्ही घाबरला असाल, असे पत्रावरून वाटते. पण पाळी सुरू असलेल्या स्त्रीचे अस्तर महिन्याच्या दिवसांप्रमाणे कमी-जास्त जाड होतच असते आणि पाळीपूर्वी १५ मिलिमीटर होणे स्वाभाविकही असू शकते. चार-पाच मिलिमीटरची मर्यादा ऐकिवात असते, ती पाळी पूर्ण गेल्यानंतर रक्तस्राव झालेल्या स्त्रियांसाठी आहे. भिंतीतला दोन सेंटिमीटरचा फायब्रॉइड अस्तराच्या पोकळीत शिरत नसेल तर तो बहुधा या रक्तस्रावाचे कारण नाही, त्याला तूर्त तसाच राहू द्या. बायोप्सीपूर्वी लघवीची गर्भचाचणी आणि थायरॉइडची तपासणी झाली आहे ना, हेही पाहा. चाळीस दिवस पाळी चुकली की ४६व्या वर्षीही गर्भ राहिलेला असू शकतो, हे घरातल्या कुणाच्या लक्षातच येत नाही.

अहवालात अस्तर फक्त वाढलेले आहे, पेशी मात्र निरोगी आहेत, असे आले तर प्रोजेस्टेरॉन हाच सरळ उपाय आहे. पेशींमध्ये विकृत बदल नसलेली अस्तरवाढ निघाली, तरीही उपाय तोच राहतो, कारण अशा वाढीचे कर्करोगात रूपांतर होण्याची शक्यता वीस वर्षांत पाच टक्क्यांहून कमी असते आणि बहुतेक स्त्रियांमध्ये औषधाने अस्तर पूर्ववत होते. पण मग उपचार किमान सहा महिने, रोजच्या रोज घ्यावे लागतात आणि सहा महिन्यांच्या अंतराने पुन्हा बायोप्सी करावी लागते. अशा वेळी महिन्यातून थोडेच दिवस गोळी घेणे पुरेसे ठरत नाही. पेशींमध्ये विकृत बदल दिसले, तर मात्र मामला निराळा होतो. तुमच्या वयात आणि मुले झालेली असतील तर गर्भाशय काढण्याचा सल्ला त्या वेळी योग्य असतो आणि तेव्हा तुम्ही तो टाळू नये, असे मी स्पष्ट सांगेन.

गोळ्या की साधन, यात माझा कल तुमच्या बाबतीत साधनाकडे आहे. ते तांबीसारखेच दिसते, पण त्यात लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे प्रोजेस्टेरॉनसारखेच काम करणारे द्रव्य ५२ मिलिग्रॅम असते आणि ते सुरुवातीला दिवसाला सुमारे २० मायक्रोग्रॅम या वेगाने थेट अस्तरावर झिरपते, त्यामुळे रक्तात फार थोडे पोचते. रक्तस्राव सहा महिने ते वर्षभरात नव्वद टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो, ते पाच वर्षे चालते आणि गर्भनिरोधनाची चिंताही मिटते. महिन्यातून ठरावीक दिवस घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांनी गर्भधारणा टळते असे समजू नका. साधनाची एक कटकट मात्र आधीच सांगून ठेवते. पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून, अवेळी, थोडे थोडे रक्त जात राहते. हे माहीत नसल्याने अनेक स्त्रिया दोन महिन्यांतच साधन काढून टाकतात आणि सगळा खटाटोप वाया जातो. काही वेळा ते आपोआप निसटूनही येते, म्हणून बसवल्यानंतरची तपासणी चुकवू नये. गोळ्याच घ्यायच्या ठरल्या तर पर्याय एकच नाही. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन आहे, डायड्रोजेस्टेरॉन आहे आणि नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनचे बारीक कण केलेली कॅप्सूलही आहे. ही कॅप्सूल रात्री झोपताना घ्यायची असते, कारण तिच्यापासून शरीरात तयार होणाऱ्या द्रव्याने झोप येते. रात्री नीट झोप लागत नाही अशी तक्रार असलेल्या काही स्त्रिया यावर खूशही असतात. पण सकाळी सातची लोकल पकडणाऱ्या बाईने ती चुकून सकाळी घेऊ नये. पोट फुगल्यासारखे वाटणे, स्तन दुखणे, डोके दुखणे, चिडचिड किंवा मन उदास होणे, हे या सगळ्याच औषधांनी होऊ शकते. पूर्वी कधी नैराश्यासाठी उपचार घेतले असतील, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

जाऊबाईंचा सल्ला प्रेमापोटी दिलेला आहे, याविषयी शंका नाही. पण गर्भाशय काढणे ही मोठी शस्त्रक्रिया आहे. दुर्बिणीतून केली तरी पूर्ववत कामाला लागायला चार ते सहा आठवडे जातात. बरोबर अंडाशयही काढले तर पाळी एका दिवसात कायमची जाते आणि हाडे ठिसूळ होणे, हृदयविकार यांचा धोका वाढतो. अंडाशय ठेवले, तरी रजोनिवृत्ती थोडी लवकर येऊ शकते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याचे प्रमाण किती मोठे आहे हे २०१९ मध्ये उघड झाले, तेव्हा राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यांना मजुरीचे दिवस बुडण्याची आणि दंडाची भीती होती, उपचारांचे दुसरे मार्ग समोर ठेवणारे कुणी नव्हते. तुमची परिस्थिती तशी नाही. तुमच्या डॉक्टरांनी दुसरा मार्ग समोर ठेवला आहे आणि तो आधी चालून पाहण्याइतका वेळ तुमच्यापाशी आहे. सहा महिने नीट उपचार घेऊनही रक्तस्राव आटोक्यात आला नाही, तर शस्त्रक्रियेचा विचार करायला तेव्हाही कुणी अडवणार नाही आणि तोवर तुमचे हिमोग्लोबिनही शस्त्रक्रिया सोसण्याइतके वर आलेले असेल.

या हिमोग्लोबिनकडे मात्र आजपासूनच लक्ष द्या, कारण ८.९ या आकड्यावर मुलुंड ते सीएसएमटी तासभर उभ्याने प्रवास करून दिवसभर काउंटरवर बसणे म्हणजे शरीरावर जुलूम आहे. लोहाची गोळी चहासोबत किंवा चहानंतर लगेच घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर ती चांगली अंगी लागते. रक्तस्राव थांबला तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण एक ते दोन ग्रॅमने वाढते, पण ते बारावर पोचल्यावरही पुढे तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. पॅड दर तासाला भिजत असेल आणि असे सलग दोन तास झाले, उभे राहिल्यावर चक्कर येऊ लागली किंवा छातीत धडधडू लागले, तर कामावर न जाता थेट रुग्णालय गाठा. गोळ्यांचा पूर्वीचा उरलेला डबा तुमच्याकडे असेलच. त्यातून स्वतःहून गोळ्या सुरू करू नका, कारण बायोप्सीपूर्वी त्या घ्याव्यात की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचे आहे.

दुसऱ्या डॉक्टरांचे मत हवेसे वाटले तर तो तुमचा हक्क आहे. पहिल्या डॉक्टरांना त्यामुळे वाईट वाटेल म्हणून संकोच करू नका. परळच्या केईएममध्ये, शीवच्या किंवा नायर रुग्णालयात स्त्रीरोग विभागाच्या ओपीडीत सकाळी लवकर गेलात तर रांग लागते खरी, पण तिथे हे रोजचे काम असल्याने अनुभवी हात भेटतात. जाताना सोनोग्राफीचा अहवाल, रक्ततपासणी, गेल्या सहा महिन्यांतल्या पाळीच्या तारखा आणि घेतलेल्या गोळ्यांचे रिकामे पान बरोबर ठेवा. बायोप्सी खासगी रुग्णालयात झाली असेल तर नुसत्या छापील अहवालावर समाधान मानू नका. प्रयोगशाळेकडून काचपट्ट्या आणि मेणात बसवलेला तुकडा लेखी अर्ज देऊन मागून घ्या, म्हणजे दुसऱ्या रुग्णालयातील तज्ज्ञांना त्याच पेशी स्वतः पाहता येतील आणि तुम्हाला तीच तपासणी पुन्हा करून घ्यावी लागणार नाही.